रकाने अनेक, माणूस एक

समाजातील विषमतेची चर्चा आपल्याकडे बहुधा एकेका नावाने होते. जातीचा प्रश्न निघाला की जातीपुरते बोलावयाचे, गरिबीचा निघाला की उत्पन्नापुरते, स्त्रियांचा निघाला की स्त्रियांपुरते आणि मागास भागाचा निघाला की अनुशेषापुरते, अशी आपली रीत पडून गेली आहे. शासनाची खाती या रीतीने वाटलेली आहेत, चळवळी याच रीतीने उभ्या राहिल्या आहेत आणि विद्यापीठांचे अभ्यासक्रमही तिला अपवाद नाहीत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दारिद्र्यरेषा शिकविली जाते, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला जातिव्यवस्था. ज्याच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच धुऱ्यावर हजर असतात, तो माणूस मात्र दोन्ही वर्गांबाहेर राहतो.

या प्रश्नाकडे आताच लक्ष वेधण्यास कारण आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र शासनाने आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि १ मार्च २०२७ हा त्या जनगणनेचा संदर्भदिन ठरला. १९३१ नंतर सर्व जातींची अशी गणना झालेली नाही. स्वातंत्र्योत्तर जनगणनांत केवळ अनुसूचित जाती व जमातींची मोजदाद होत राहिली. २०११ साली सुरू झालेल्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत जात विचारली गेली खरी, परंतु तिचे जातवार आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. त्यामुळे या वेळच्या नोंदीविषयी उत्सुकता आहे, तशी धास्तीही आहे. चर्चा मात्र एकाच मुद्द्याभोवती फिरते: कोणाची संख्या किती निघणार? संख्या कळणे अगत्याचे आहे, यात शंका नाही. पण संख्या कळली म्हणजे विषमता कळली, असे होत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. विषमतेचे निरनिराळे प्रकार एकाच माणसाच्या वाट्याला आले म्हणजे त्यांची नुसती बेरीज होत नाही. ते एकमेकांचे स्वरूप पालटून टाकतात. म्हणून त्यांची मोजणी वेगवेगळ्या रकान्यांत करून तेथेच थांबणारे शासन, ज्यांना त्याची गरज सर्वाधिक आहे, नेमक्या त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हे तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा आपल्याच भागातील एका उदाहरणावर तपासून पाहिलेले बरे.

निंदणाची मजुरी

तेल्हारा तालुक्याची ठेवण या दृष्टीने बोलकी आहे. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, वारी भैरवगड येथील वान नदीवरचे धरण आणि गोड्या पाण्यावर उभे असलेले केळी-संत्र्यांचे बगीचे व पानमळे. दक्षिणेस पूर्णेच्या काठाकडे उतरत जावे, तसतसा खारपाणपट्टा लागतो. तेथील भूगर्भातले पाणी धड पिकाला चालत नाही आणि धड माणसालाही. दहा एकरांचा सातबारा या दोन टोकांना दोन वेगळे अर्थ धारण करतो. यातच मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोट-तेल्हारा तालुक्यांत वसविलेली कोरकूंची गावे आहेत. जमीन, पाणी, जात व जमात यांच्या रेषा एवढ्याशा क्षेत्रात एकमेकींना छेदत जातात.

कपाशीच्या शेतीतील कामांची वाटणी कोणत्या कायद्याने केलेली नाही, तरी ती पक्की आहे. वखरण, डवरण व फवारणी ही पुरुषांची कामे. निंदण व वेचणी ही बायांची. वेचणीचा हिशेब किलोवर, निंदणाचा रोजावर, आणि हा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमी. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा देशात १९७६ सालीच झाला. परंतु जेथे काम समान ठेवलेलेच नाही, तेथे समान वेतनाचे कलम लागू करावयाचे कोठे? कामाची वाटणी हीच मजुरीच्या विषमतेची ढाल होऊन बसली आहे.

या पार्श्वभूमीवर १० जून २०१९ ची घटना पाहावी. त्या दिवशी शेजारच्या अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याची, त्याला शासनाची मान्यता नसताना, जाहीर लागवड केली. देशभर त्याची चर्चा झाली. एका बाजूने तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचा आणि निंदणाच्या वाढत्या खर्चाचा मुद्दा मांडला गेला; दुसऱ्या बाजूने कायद्याचा, पर्यावरणाचा व बियाणे कंपन्यांचा. दोन्ही पक्ष आपापल्या जागी गंभीर होते. परंतु निंदणाचा खर्च वाचतो, असे म्हणताना तो खर्च कोणाच्या तरी घरातील उत्पन्न असतो, हा विचार त्या वादात क्वचितच ऐकू आला. शेतीच्या ताळेबंदात जी रक्कम खर्चाच्या बाजूस लिहिली जाते, तीच गावाच्या दुसऱ्या टोकास ज्वारी, तेल आणि वह्या-पुस्तके होऊन पोहोचते.

आता एकाच गावातील तीन स्त्रियांचा विचार करू. पहिली मोठ्या बागायतदाराच्या घरची. ती शेतात जात नाही. तणनाशकाने वाचलेला पैसा तिच्या घरात राहतो. दुसरी तीन-चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुणब्याच्या किंवा माळ्याच्या घरची. ती स्वतःच्या शेतात निंदते आणि त्या श्रमाची मजुरी तिला कोणीच देत नाही. तणनाशकाने तिची पाठ मोकळी होते, आणि ही सुटका खरी आहे. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणास नाही. तिसरी भूमिहीन घरातली. बौद्धपुऱ्यातील, मांगवाड्यातील, पारध्यांच्या वा कोरकूंच्या वस्तीवरची, किंवा जात कोणतीही असो, जमीन नसलेल्या कुटुंबातली. तिचे श्रावण-भाद्रपदातले रोज गेले. तणनाशक तेच, शेत तेच, तिन्ही स्त्रियाच. पण परिणाम तीन. हा फरक कशाने पडला? जमिनीने. आणि जमीन कोणाकडे आहे व कोणाकडे नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरत आले आहे. म्हणजे ‘स्त्रियांवर तंत्रज्ञानाचा परिणाम’ या शीर्षकाखाली कोणी सरासरी काढली, तर पहिलीचा लाभ, दुसरीची सुटका व तिसरीची बेकारी एकत्र मिसळून हाती काहीच लागणार नाही.

गोष्ट येथेही संपत नाही. निंदण गेले आणि फवारणी वाढली. फवारणी पुरुषांकडे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेतमजूर होते, तसे लहान शेतकरीही होते. फवारणीच्या पंपाचे ओझे बहुधा ज्याला ते नाकारणे परवडत नाही त्याच्याच खांद्यावर येते. एकाच भूमिहीन घरातील बाईचे काम शेतीतील रसायनांनी नेले आणि गड्याच्या अंगावर विष आणून घातले. पुरुषाला येथे पुरुष असण्याचा कोणता लाभ झाला म्हणावयाचे? स्त्री-पुरुष विषमतेचे जे रूप सुखवस्तू घरात दिसते, ते भूमिहीनाच्या घरात तसेच दिसत नाही. विषमता एकमेकींचे स्वरूप पालटतात, असे वर म्हटले ते या अर्थाने.

दोन याद्यांमधून निसटलेले

विद्यापीठांतून आज ज्या विचाराला ‘आंतरछेदिता’ असे बोजड नाव मिळाले आहे, तो इतकाच आहे. अमेरिकेतील कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली या विचाराला ते इंग्रजी नाव दिले. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो एका जुन्या खटल्याचा. जनरल मोटर्स या मोटार कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदी आली आणि ज्येष्ठतेच्या नियमाने नोकरकपात झाली, तेव्हा सर्वांत शेवटी आलेल्या याच स्त्रिया सर्वांत आधी बाहेर पडल्या. १९७६ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणून स्त्री-भेदभाव सिद्ध होत नव्हता. त्या स्त्रिया गौरवर्णीय होत्या. वर्णभेदाचे गाऱ्हाणे असेल, तर तो दावा वेगळा. दोन्ही गाऱ्हाणी एकत्र करून तिसरा वर्ग निर्माण करण्यास न्यायालय तयार नव्हते. दोन याद्या होत्या आणि दोन्ही याद्यांमधून या पाच जणी निसटल्या.

असे निसटणे वऱ्हाडात रोजचे आहे. शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नाने २००६ साली देश हादरला. त्या वर्षी जुलैमध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी ‘पात्र’ ठरविण्याचे निकष होते: कुटुंबातील कोणाच्या तरी नावावर शेतजमीन, कर्जाची थकबाकी, वसुलीचा तगादा. निकष वाजवी दिसतात. पण ज्याने दुसऱ्याचे शेत तोंडी मक्त्याने वा बटईने केले, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पीककर्ज मालकाच्या नावे, विमा मालकाच्या नावे, आणि मक्तेदाराचे कर्ज सावकाराच्या वहीत. बटईने शेत करणारा बहुधा भूमिहीन वा अल्पभूधारक. तो गेल्यानंतर त्याची विधवा ‘शेतकऱ्याची पत्नी’ आहे, हे सिद्ध करण्यास कागद कोणता दाखविणार? गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यातही हीच अडचण. जन्मभर शेतात राबलेल्या स्त्रीने जीव दिला, तर तिच्या नावे जमीन नसल्यामुळे तिची नोंद शेतकरी म्हणून होण्याऐवजी ‘गृहिणी’ या सदरात होण्याचाच संभव अधिक. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील वहितीखात्यांपैकी सुमारे १४ टक्के खाती स्त्रियांची होती आणि त्यांच्याकडील क्षेत्र १२ टक्क्यांच्या आत होते. कपाशीच्या रानात दिवसभर कोण वाकलेले असते, हे पाहिलेल्या माणसाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

या विचाराने केवळ तळाच्या माणसाचेच दुःख दिसते, असेही समजण्याचे कारण नाही. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांची मर्यादा होती. त्या आत ज्याची जमीन, त्याला संपूर्ण माफी. त्यापेक्षा अधिक असेल, त्याने तीन-चतुर्थांश भरावे, तेव्हा उरलेल्याची सवलत. पाटाच्या पाण्यावर ऊस घेणारा पाच एकरांचा बागायतदार संपूर्ण माफीस पात्र ठरला आणि खारपाणपट्ट्यातील सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी ‘मोठा’ ठरून बाहेर राहिला. तो जातीने कदाचित वरचा असेल, गावच्या पांढरीत त्याला मान असेल. पण पाण्याच्या विषमतेने त्याचा सातबारा निकामी केला होता. एकच रेषा पाहणाऱ्या धोरणाने त्याच्यावरही अन्याय केला.

विचार आपलाच आहे

हे सारे परदेशी विद्वानांकडून शिकावयाचे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. जोतीराव फुल्यांनी ‘स्त्री-शूद्रातिशूद्र’ हा समास वापरला, तेव्हा जात आणि स्त्रीत्व या दोन दास्यांना त्यांनी एका शब्दात बांधले. आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतसारा, सावकारी, नोकरशाही व जातीची मक्तेदारी यांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून मांग-महारांची दुःखे मांडली. त्यात आपल्या समाजातील स्त्रियांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही मिळत नाही, हे तिने वेगळे काढून सांगितले. जातीचे दुःख साऱ्या जातीचे. पण त्यात स्त्रीचा वाटा निराळा, हे त्या मुलीला कळले होते.

आपल्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यास छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा हे त्या लेखनाचे निमित्त. मराठा कुळातील, सत्यशोधक विचारांच्या घरातील एक बाई दूरच्या ब्राह्मण विधवेची बाजू घेऊन उभी राहिली. जातीच्या वरच्या पायरीवर असूनही स्त्री म्हणून विधवेची दशा काय होते, हे तिने ओळखले. त्या काळी तिच्या मदतीस धावले ते फुलेच.

डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथांचा संबंध जातीबाहेर लग्न न करण्याच्या निर्बंधाशी जोडून दाखविला. स्त्रीवर ताबा ठेवल्याशिवाय जात टिकत नाही, हा त्याचा अर्थ. पुढे त्यांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही कल्पना मांडली: जिन्यावरील प्रत्येकाला वरच्याचा जाच होतो, परंतु सर्वांत खालचा सोडला, तर प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतो, म्हणून जिना मोडावा असे कोणालाच मनापासून वाटत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रियांच्या त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्वाचा निषेध केला आणि त्याच बैठकीत गिरण्यांतील स्त्री-कामगारांना पगारी रजा व वृद्धापकाळी निवृत्तिवेतन हवे, असाही ठराव केला. घर, जात व कारखाना ही तीन खाती त्या स्त्रियांनी वेगळी केली नाहीत. कारण त्यांच्या आयुष्यात ती वेगळी नव्हतीच.

आक्षेप आणि उत्तरे

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करणे इष्ट होईल.

पहिला आक्षेप असा की मूळ प्रश्न आर्थिक आहे. पोटाला मिळाले, शिक्षण मिळाले, की बाकीचे आपोआप सुटेल. याला नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या अनुभवाने उत्तर दिले आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अंतःस्फोट’मध्ये त्यांनी तो नोंदविला आहे. दलित घरातील मुलीने संस्कृतात उत्तम यश मिळविले. पदवी होती, गुणवत्ता होती, पण नोकरी मिळेना. ती मिळाली आंतरजातीय विवाहानंतर, नावापुढे सासरचे आडनाव लागल्यावर. माहेरची कुमुद सोमकुवर वंचितच राहिली, ही खंत त्यांनी स्पष्ट बोलून दाखविली. शिक्षण वाढले, पण त्या शिक्षणाचे मोल जातीने ठरविले आणि जातीतून सुटण्याची वाट लग्नातून, म्हणजे स्त्री असण्यातून, काढावी लागली. अर्थशास्त्राच्या एकट्या मोजपट्टीने हे मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की जात हीच मूळ विषमता, ती गेली की सारे गेले. परंतु जातींच्या गटातही सारे समान नसतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. त्या निर्णयाविषयी मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. तथापि एका यादीत बसणाऱ्यांची स्थिती एकच असते, हे गृहीत न्यायालयाने नाकारले, हे तर मान्यच करावे लागेल. आणि प्रत्येक जातीच्या आत पुन्हा स्त्री-पुरुष आहेत, भूमिहीन व नोकरदार आहेत, गोड्या पाण्यावरचे व खाऱ्या पाण्यावरचे आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. असे भेद उकलत बसले, तर चळवळीत फूट पडेल, शोषितांची एकजूट होणार नाही, असे कार्यकर्ते म्हणतात. त्यांची तळमळ समजू शकते. पण फूट कोण पाडतो, हेही पाहिले पाहिजे. मजुरांच्या मोर्चात बायांच्या कमी रोजाचा प्रश्न ‘नंतर पाहू’ म्हणून मागे ठेवला, शेतकऱ्यांच्या मोर्चात मजुरीचा प्रश्न काढू नये म्हटले, स्त्रियांच्या मेळाव्यात जातीचे नाव घेऊ नये म्हटले, म्हणजे ज्या बाईचे हे तिन्ही प्रश्न आहेत, ती तिन्ही ठिकाणी परकी ठरते. तिला वगळून झालेली एकजूट फार काळ टिकत नाही, याची साक्ष गेल्या पन्नास वर्षांतील अनेक आंदोलने देतील. उलट भेद मान्य करून केलेला करार टिकतो. निंदणाचा रोज आणि कापसाचा भाव या दोन मागण्या एकाच व्यासपीठावरून करता येणार नाहीत, असे अर्थशास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. भाव पडला, तर रोजही पडतो, हे मजुराला ठाऊक असते. मजुराला रोज मिळाला नाही, तर गावच्या बाजारातली उलाढाल मंदावते, हे शेतकऱ्यालाही कळते.

काय करावे?

शासनाला छेदणाऱ्या रेषा मोजता येत नाहीत, असे नाही. मनात आणले तेथे त्याने त्या मोजल्या आहेत. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना जागा दिल्या, तेवढ्यावर न थांबता अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असलेल्या जागांतही त्या-त्या समाजातील स्त्रियांचा वाटा ठरवून दिला. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले. नामधारी सरपंच, पतिराज इत्यादी दोष आहेतच. परंतु अनुसूचित जातीतील स्त्री सरपंचाच्या खुर्चीवर बसू शकते, ही शक्यता दोन वेगवेगळ्या याद्यांनी निर्माण झाली नसती. ती जात व स्त्रीत्व एकत्र वाचणाऱ्या कलमाने झाली.

हेच तत्त्व जनगणनेस लावावयाचे. १९३१ च्या जनगणनेत निवडक जातींच्या साक्षरतेचे तक्ते स्त्री-पुरुष वेगळे करून दिलेले होते. परकीय राज्यकर्त्यांनी ते राज्य चालविण्यासाठी केले. आपण ते समतेसाठी करावे. बिहारने २०२३ साली केलेल्या पाहणीत सुमारे ३४ टक्के कुटुंबांचे मासिक उत्पन्न सहा हजार रुपये वा त्याहून कमी आढळले. अनुसूचित जातींत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के, तर सर्वसाधारण प्रवर्गात २५ टक्के. जात व उत्पन्न एकत्र मांडल्याबरोबर दोन्ही बाजूंच्या समजुतींना धक्का बसला: तथाकथित उच्चवर्णीयांत गरीब नाहीत, हीही समजूत गेली, आणि गरिबीला जात नसते, हीही. तथापि कुटुंब हे एकक धरल्यामुळे कुटुंबातील स्त्रीचे काय, हे त्या तक्त्याने सांगितले नाही. आपल्या कृषिगणनेत जमिनीचे वर्गीकरण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ‘इतर’ असे होते. या ‘इतर’मध्ये देशमुख व धनगर, माळी व बंजारा, बारी व मुसलमान विणकर सारे एकाच दावणीला बांधलेले असतात. म्हणून नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होताना जात, स्त्री-पुरुष, शिक्षण आणि शेतकरी की शेतमजूर या चार गोष्टी एकाच तक्त्यात, निदान तालुक्याच्या पातळीवर, मिळाल्या पाहिजेत, अशी मागणी विद्यापीठांनी, शिक्षक संघटनांनी व वृत्तपत्रांनी आतापासूनच लावून धरावी.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्यांच्या हातची आहे. हे काम शिक्षक, तलाठी व कारकून हीच मंडळी करीत आली आहेत. दारात उभे राहून ‘बाई काय करते?’ असे पुरुषाला विचारले की ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर ठरलेले. आषाढापासून माघापर्यंत शेतात राबलेली बाई त्या एका उत्तराने अकर्ती ठरते आणि तिचे श्रम राष्ट्राच्या हिशेबातून पुसले जातात. प्रश्न तिलाच विचारावा, आणि तोही कामांची नावे घेऊन: निंदायला जाता काय, वेचायला जाता काय, स्वतःच्या शेतात की दुसऱ्याच्या? दोन मिनिटे अधिक लागतील. पण हा आकडा पुढील अनेक वर्षांच्या धोरणांचा पाया होणार आहे.

तिसरी गोष्ट आम्हा प्राध्यापकांची व विद्यार्थ्यांची. वेचणीच्या दिवसांत ग्रामीण महाविद्यालयांतील हजेरी घटते. कोणाची घटते, हे हजेरीपटात दिसते. का घटते, हे दिसत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडून होतात, व्याख्याने होतात. त्याबरोबर दत्तक गावातील घरोघरची जमीन, पाण्याची सोय, हंगामी रोज, मुलींचे शिक्षण सुटण्याची इयत्ता आणि जात यांची एक साधी उभी-आडवी सारणी विद्यार्थ्यांनी का करू नये? शंभर घरांच्या अशा एका सारणीत विषमतेविषयी जेवढे कळेल, तेवढे जाड पाठ्यपुस्तकांतही सापडणे कठीण. ती सारणी ग्रामसभेपुढे ठेवावी आणि गावात येणाऱ्या प्रत्येक योजनेविषयी एकच प्रश्न विचारावा: सर्व रेषा जिच्यावरून जातात, त्या भूमिहीन बाईपर्यंत ही योजना पोहोचते काय? तिच्यापर्यंत पोहोचणारी योजना वाटेत इतरांनाही लागतेच. जी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तिचे निकष कोणाला समोर ठेवून लिहिले गेले, हे ग्रामसभेने मग शासनाला विचारावे.